माझ्याच दारावर चिकटवलेली नोटीस

लोकांना घराबाहेर काढण्याचा मला एकतीस वर्षांचा अनुभव आहे आणि त्याबद्दल सरकार मला दरमहा पेन्शन देतं. जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात मी इस्टेट सेक्शनचा कारकून होतो. इस्टेट सेक्शन म्हणजे क्वार्टरांचा कारभार. कोणाला कुठलं क्वार्टर मिळणार, कोणाचं छत गळतं आणि मुख्य म्हणजे कोणी कधी खाली करायचं. माणूस रिटायर झाला, बदलून गेला किंवा वर गेला, की ठरलेली मुदत संपताच त्याच्या घरासाठी माझ्या टेबलावरून कागद निघायचा. 'आपको एतद्द्वारा सूचित किया जाता है कि...' हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं, की बाजारातून काय आणायचं हे बायकोला विचारतानासुद्धा डोक्यात आधी 'एतद्द्वारा' यायचं.

या कामात एक मोठी सोय होती. ठरवायचं मला काहीच नसायचं. खाली सही 'सक्षम अधिकारी' करायचे. ते दर तीन वर्षांनी बदलायचे, मसुदा माझाच राहायचा. लोक शिव्या त्यांना द्यायचे आणि अर्ज माझ्याकडे. सामान हलवायला वेळ हवा असेल तर मुदतवाढीचा अर्ज करायचा, मी तो वर पाठवायचा, वरून बहुतेक दोन महिने मंजूर होऊन यायचे. कोणी टेबलाशी येऊन रडू लागलं तर मी कोरा कागद पुढे सरकवायचो आणि म्हणायचो, "अर्ज लिवा." कोणी नोटीस हातात घ्यायलाच तयार नसेल तर शिपायाला सोबत घेऊन ती दारावर चिकटवायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि परत येऊन चहा प्यायचा. तो चहा कधी कडू लागला नाही, हेही सांगून टाकतो.

माझी स्वतःची पाळी आली तेव्हा नोटीस माझ्याच मसुद्यातली होती. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने ती काढली होती. "सर, बरोबर हाय ना?" म्हणून तिने आधी मलाच दाखवली. मी एक स्वल्पविराम घातला आणि नोटीस घेऊन घरी आलो.

फंडाच्या पैशातून साकोलीला घर बांधलं. बायकोचं माहेर जवळ, प्लॉट स्वस्त, आणि हायवेवरून कुठलीही बस मिळते. वर आम्ही, खाली भाडेकरू असा बेत होता. घर झालं त्या दिवशी भन्तेजींनी परित्राणपाठ केला, पाहुण्यांनी खीर चाटूनपुसून खाल्ली आणि संध्याकाळी मी 'किराये से देना है' अशी पाटी लावली. पाटी हिंदीत का, असं मला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे ती हिंदीतच असते.

माझ्या तरुणपणी भंडाऱ्यात खोली शोधायचो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच कोणाला तरी देऊन झालेली असायची. तेव्हाच ठरवलं होतं की आपलं घर झालं तर आडनाव विचारायचं नाही. नाही विचारलं. बाकी सगळं विचारलं. दारू पिता का, गाडी कुठे लावणार, पाहुणे किती येतात. बायकोने फक्त एकच विचारलं, "आमच्या घरी दर रविवारी मासे असतेत. वास चालन ना?" समोरचा माणूस म्हणाला, "आमच्याही घरी असतेत जी." ते आमचे सर.

सर म्हणजे इथल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे. किडकिडीत बांधा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पुस्तकांची पिशवी, सोबत गप्प राहणारी बायको. मूळचे आसगावचे. "मी प्राध्यापक आहे," म्हणाले आणि आम्ही नवराबायको दोघेही खुर्चीवरून उठलो. तिथेच माझं चुकलं. ज्या कारकुनाने कोणाला पावतीशिवाय नळाची तोटी दिली नाही, त्याने प्राध्यापकाकडून डिपॉझिट घेतलं नाही आणि करारनामाही केला नाही. सरांकडून कसं घ्यायचं!

पहिले चार महिने भाडं एक तारखेला आलं. मग ते पाच तारखेला यायला लागलं, मग वीस तारखेला, आणि मग तारखेचा प्रश्नच मिटला. तेव्हा कळलं की सर पर्मनंट नाहीत, तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि शिकवलेल्याचेही सरकारकडून अनुदान येईल तेव्हा. ते कधी येईल हे अर्थशास्त्रालाही सांगता येत नाही. 'अर्थशास्त्र शिकवते अन् खिशात दमडी नाई' हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकाने एकेकदा करून घेतला. मी दोनदा केला.

दर महिन्याला सर वर येऊन सांगायचे, "अजून आला नाई जी." मी म्हणायचो, "असू द्या सर." ज्याला 'सर' म्हणतो त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत, हा आपल्या भाषेतला दोष आहे. एकदा धीर करून मी म्हणालो, "गावावरून येऊनजाऊन करता नाही येणार का?" सर म्हणाले, "पहिला तास साडेसातचा हाय जी. आसगाववून त्या टायमाले पोचन अशी गाडीच नाई. अन् चार तास बुडाले का माझ्या जाग्यावर दुसरा उभा. रांग हाय मागं." मग म्हणाले, "मोठा भाऊ बलावूनच राहिला. म्हणते, जाऊ दे तुझं कॉलेज खड्ड्यात, धानाचे परहे लावाले ये." परहे म्हणजे भाताची रोपं. म्हणजे मामला सरळ होता. सर साकोलीत राहिले तर प्राध्यापक, नाहीतर चिखलात. मला हे नीट कळलं होतं. कळलं नव्हतं असं मागाहून म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

आता माझी अडचण. पैशांची अडचण होती असं खोटं सांगणार नाही. पेन्शन वेळेवर येते. अडचण एवढीच की समोरच्या घराचं भाडं माझ्या घरापेक्षा जास्त होतं, आणि ते येतही होतं. त्यातच जानेवारीत एका बँकेचे नवे साहेब खोल्या बघायला आले. बदलून आलेले, तिघांचं कुटुंब, दुप्पट भाडं द्यायला तयार. "पंधरा दिवसांत खाली करून देतो," असं मी त्यांना बोलून बसलो. तेव्हा सरांचं भाडं पाच महिन्यांचं थकलं होतं.

माणसाने यावर विचार केला असता. मी फाइल उघडली. 'विषय: भाडेकरू (तळमजला)'. टिपणीत वस्तुस्थिती लिहिली, तीन पर्याय मांडले आणि 'अवलोकनार्थ व आदेशार्थ सादर' असं लिहून बायकोपुढे ठेवली. घरात वरिष्ठ म्हणता येईल असं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. समासात तिने लिहिलं होतं, 'सिलिंडर बुक करा.'

"अगं, निर्णय लिहायचा होता," मी म्हणालो.

"तुमाले काढाचं हाय त तोंडानं सांगून काढा. मले कायले त्यात घेता?" ती म्हणाली. "अन् त्याइची बाई गेल्यावर मासे कोण साफ करन, तेही लिवून ठेवा त्या फाइलीत." मासे साफ करण्यात सरांच्या बायकोचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. आमच्या दर रविवारच्या जेवणाचा अर्धा भार तिच्यावर होता. हा मुद्दा टिपणीत राहून गेला होता, हे खरं.

मग मी नोटीस लिहिली. हिंदी मसुद्याचं मराठी केलं, पंधरा दिवसांची मुदत घातली आणि कुठल्याच अधिकाऱ्याचा पत्ता नसल्याने सहीही मीच केली. ती घेऊन तीनदा खाली गेलो. पहिल्यांदा सर म्हणाले, "या जी, बसा," आणि चहा आला. दुसऱ्यांदा सर कॉलेजातल्या पोरांच्या गमती सांगत बसले. तिसऱ्यांदा ते कपडे वाळत घालत होते, आणि ज्याच्या हातात ओला बनियन आहे त्याला नोटीस देण्याची पद्धत मला माहीत नव्हती. तिन्ही वेळा कागद खिशातच परत आला.

नोटीस देता आली नाही तर काय करायचं, याचा नियम मात्र मला पाठ होता. रविवारी ते दोघं एका लग्नाला गेले तेव्हा मी डिंक घेतला आणि तळमजल्याच्या दारावर, रस्त्यावरून दिसेल असा, कागद चिकटवला. कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला आणि त्याच्याकडे उधारीवर तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या एकाला साक्षीदार म्हणून बोलावलं. दोघांनी न वाचता सह्या केल्या. नियमाप्रमाणे सगळं झालं. मी वर येऊन चहा प्यायला.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नाही. कारखान्यात दार सरकारचं असायचं. हे दार माझं होतं.

साकोलीत घराच्या दारावर सही-तारखेचा कागद दिसला तर त्याचा अर्थ एकच होतो. कर्ज थकलं आणि बँकेने घर जप्त केलं. साक्षीदारांनी ही बातमी पानासोबत वाटली. तासाभरात लोक यायला लागले. कोणी गेटपाशीच थांबून वर बघायचं आणि मान हलवायचं. एकजण म्हणाला, "रिटायरमेंटचा पैसा सारा घरातच घातला का जी?" दुसऱ्याने आपल्या मेव्हण्याच्या ओळखीतला वकील सुचवला. शेजारची म्हातारी वांग्याच्या भाजीची वाटी घेऊन आली. मयताच्या घरी आणतात तशी, वर झाकण ठेवून. "बँकवाले असेच असतेत बाप्पा," ती म्हणाली. "धीर धरा. तुमची बाई कुठी हाय?"

मी चिडलो. "जप्ती नाही आजी! नोटीस मी दिलीय. सरांना. घर खाली करायची."

म्हातारीने कान पुढे केला. "सरले?"

"हो."

तिने टेबलावर ठेवलेली वाटी उचलली. "मंग हे त्याइलेच होईन," म्हणाली आणि भाजी घेऊन खाली उतरली. मी बुडालो असं समजून गल्लीने माझ्यावर जेवढी माया केली, तेवढी मी दुसऱ्याला बुडवतोय हे कळल्यावर केली नाही. हे न्यायाचंच होतं, पण भाजीचा वास चांगला येत होता.

संध्याकाळी सर परतले. मी गॅलरीतून बघत होतो. त्यांनी उभ्या उभ्या कागद पूर्ण वाचला. मग नखाने कडा सोडवत, कुठेही न फाडता, तो दारावरून काढला. थोड्या वेळाने वर आले. नोटिशीखाली त्यांनी 'प्राप्त' लिहून सही आणि तारीख घातली होती. "तुमची कापी," म्हणाले. "खाली करतो जी. पंधरा दिवस नाई लागत."

मी वाट बघत होतो. एकतीस वर्षांत इथून पुढे काय होतं हे मला माहीत होतं. माणूस घसा साफ करतो, बायकोचं आजारपण सांगतो, मुदत मागतो. सरांनी मागितली असती तर मी दोन महिने जागच्या जागी दिले असते. बँकेचे साहेब गेले असते तर जाऊ दिले असते. पण सर नमस्कार करून खाली गेले.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या मागे लागलो होतो, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. जिन्यात गाठून म्हणायचो, "सर, काही अडचण असेल तर अर्ज करता येतो." ते म्हणायचे, "अडचण नाई जी." पाण्याच्या टाकीपाशी म्हणायचो, "मुदतवाढ मिळते, नियमात आहे." ते म्हणायचे, "कायले तुमाले तरास." काढणारा मी आणि विनवण्याही मीच करत होतो. बायको एकदा म्हणाली, "तुमी त्याइले हाकलून राहिले का थांबवून राहिले, एकदाचं ठरवा. मले बघून बघून डोकं दुखून राहिलं."

तिनेच मग खालची बातमी आणली. सर आसगावला जाणार होते. भावाचे उन्हाळी धानाचे परहे तयार होते. कॉलेजात सोमवारी सांगणार होते. "वर्साच्या मधातच तास सोडले त पुढच्या वर्षी दारात कोण उभं करन?" असं सरांची बायको म्हणाली होती. रडत नव्हती, भांडी घासत सांगत होती, एवढं बायकोने मुद्दाम सांगितलं.

त्याच दुपारी बँकेच्या साहेबांचा फोन आला. "रविवारी सामान आणू ना?" मी म्हणालो, "संध्याकाळी कळवतो." आणि कागद घेऊन बसलो. सर अर्ज करत नाहीत ना, मग मीच सरांच्या वतीने अर्ज लिहिला. प्रति: मी. अर्जदार: ते. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. कौटुंबिक अडचण घातली, वेतनाचा विलंब घातला, शेवटी 'तरी कृपावंत होऊन' घातलं. इतका चांगला अर्ज मी नोकरीत एकाही माणसाला लिहून दिला नव्हता. फक्त सही घ्यायची बाकी होती.

खाली सामान बांधून झालं होतं. पुस्तकं तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत भरली होती. गादी नायलॉनच्या दोरीने आवळलेली, तिच्यावर बसून सर चाचणीचे पेपर तपासत होते. सोडून चाललेल्या कॉलेजाचे. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो पेपर वाचावा तसा लाल पेन हातात धरून वाचला.

"छान लिवला जी," म्हणाले आणि परत दिला. "पर मी नाई करत."

"नुसती सही करा सर. बाकीचं मी बघतो."

"जून लागला का मी अर्जच करतो," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तास भेटाले अर्ज. पगाराले अर्ज. पगार काहून नाई आला, त्याचा अर्ज. इंटरव्ह्यूले दरवर्सी त्याच लोकाइच्या पुढं तेच कागद घेऊन उभा राहतो. मले त्याची लाज नाई. पर रातच्याले झोपाले जागा द्या म्हणून अर्ज नाई करणार. घर तुमचं हाय. राहा म्हणाचं असन त राहा म्हणा, जा म्हणाचं असन त जा म्हणा. तुमीच म्हणा."

मी वर बघितलं. सवयच होती, असला प्रश्न आला की वर पाठवायचा. वर छत होतं आणि छताच्या वर माझी बायको, जिने आपला शेरा आधीच दिलेला होता. मला लाज वाटली. मी हातातल्या अर्जाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. माझ्या टेबलाशीही कधीतरी कोणी हेच बोललं असेल. अर्ज नको साहेब, तुम्ही काय ते बोला. मी कोरा कागद पुढे सरकवला असेल.

"राहा," मी म्हणालो.

सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "किती दिवस?"

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. नोटिशीत पंधरा दिवस लिहिता आले होते. "कॉलेज आहे तोवर," मी म्हणालो.

"माझं कॉलेज मार्चपर्यंतच हाय जी. मंग जूनमधी नवीन."

"मग जूनपर्यंत."

"अन् जूनमधी तास नाई भेटले त?"

"तर तेव्हा भांडू आपण, समोरासमोर," मी म्हणालो. "भाड्यासाठीही भांडू. मी सोडणार नाही, सांगून ठेवतो."

सर हसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ पेपर जुळवत राहिले. मग गादीवरून उठले आणि दोरीला हात घातला. गाठ त्यांनीच मारली होती, टेम्पोतून पन्नास किलोमीटर जायचं म्हणून पक्की, आणि नायलॉन असल्याने ती सुटता सुटेना. मी दुसऱ्या बाजूने ओढलं तर जास्तच आवळली. शेवटी मी म्हणालो, "सुरी आणा, कापून टाकू."

इतका वेळ दारात उभी असलेली सरांची बायको पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "कापू नका जी," ती म्हणाली. "दोरी लागन ना परत."

मी खाली बसलो. सरही बसले. आम्ही दोघं नखांनी ती गाठ सोडवत राहिलो, चांगला अर्धा तास.